राखणदाराचा वाटा

वाइन हा पिण्याचा पदार्थ नव्हे, हे मला वयाच्या छपन्नाव्या वर्षी गोकुळदास शेटने शिकवलं. प्यायची ती दारू. वाइन आधी उजेडात धरून बघायची, मग पेल्यात गरगर फिरवायची, मग पेल्यात नाक खुपसून हुंगायची, मग तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखी खुळखुळवायची आणि शेवटी, आता नीट ऐका, थुंकून टाकायची. पैसे मोजून आणायची आणि थुंकायची. गोव्यातल्या आमच्या मुळगावात कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी त्याला आधी देवळात नेलं असतं आणि मग डॉक्टरकडे.

मी कृष्णनाथ. खाणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं हजेऱ्या लिहिल्या. खाणी बंद झाल्या आणि मी घरी बसलो. घरी बसलेल्या पुरुषाला नारळ सोलण्यापलीकडे किंमत नसते आणि आमच्या परसात माड तीनच. गोकुळदास शेटचे त्याच खाणीवर अकरा टिप्पर चालायचे. खाणी बंद झाल्यावर आम्ही दोघेही रस्त्यावर आलो. फरक इतकाच की तो गाडीत बसून आला.

टिप्पर विकून शेटने पेडण्यात, मोरजीहून जरा आत, काजूचा एक अख्खा डोंगर विकत घेतला. मोपाला विमानतळ होतंय, माणसं उतरणार, उतरली की त्यांना तहान लागणार, असा त्याचा साधा हिशेब. नाशिकला जाऊन त्याने तीन दिवसांचा कोर्स केला. तीन दिवसांत माणसाला धड भात शिजवता येत नाही, पण शेट तिथून गवती टोपी घालून परतला आणि नाकाने कांदे सोलू लागला. डोंगरावर पत्र्याची शेड उभी राहिली. शेडला पांढरा रंग, दाराला दोन खांब आणि वर पाटी: ‘शातो गोकुळ’. शातो म्हणजे काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, फ्रेंच लोक वाड्याला म्हणतात. पत्र्याला काय म्हणतात ते त्याला कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

तिथे जांभळाची, कोकमाची आणि काजूच्या बोंडांची वाइन व्हायची. द्राक्षाचीही व्हायची, म्हणजे नाशिकहून टाकीतून यायची आणि इथे बाटलीत शिरायची. सगळ्या स्वस्त, तीनशे ते साडेचारशेच्या आत. सामान्य माणसाला वाइन परवडली पाहिजे, असं शेट छातीला हात लावून सांगायचा.

मला त्याने बोलावलं ते नोकरी द्यायला. येणाऱ्या पाहुण्यांना वाइन चाखायला शिकवणारा माणूस त्याला हवा होता. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कोकणी येणारा, केस पिकलेला, बोलायला थकत नाही असा. पगार खाणीतल्यापेक्षा दोन हजार जास्त. मी मनातल्या मनात शर्ट इस्त्रीला टाकला. तेवढ्यात शेट म्हणाला की एक लहानशी अडचण आहे. ती सुटली की नोकरी, नाहीतर नाही.

ही लहानशी अडचण गुडघ्याएवढी होती आणि डोंगराच्या माथ्यावर बसली होती. माथ्यावर जिथे बसगाड्या उभ्या करायला आणि वळवायला सपाट जागा होती, नेमका तिथेच राखणदाराचा पाषाण होता. राखणदार म्हणजे डोंगराचा खरा धनी. कागदावर नाव कुणाचंही असो, डोंगरात जे पिकतं, जे गाळलं जातं, त्याचा पहिला वाटा त्याचा. शेटला तो पाषाण शंभर पावलं खाली, विहिरीच्या बाजूला न्यायचा होता. पण त्याला हात लावायला एकही मजूर तयार नव्हता. मजूर सगळे सावंतवाडीकडचे. त्यांचा मुकादम बाबली म्हणाला, शेट, तुम्ही म्हणाल तर डोंगर फोडतो, पण तो दगड उचलत नाही. तो फक्त सगुणच्या घरचा माणूस उचलू शकतो आणि तोही कौल मिळाला तरच.

हा सगुण माझ्या आजोळचा. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यावर माझ्या आईचं माहेर आणि त्याचं घर चिकटून. नात्याने काही नाही, पण मी त्याला मामा म्हणायचो. चार पिढ्या त्यांच्या घराने त्या डोंगरातले काजू लिलावात घेतले, बोंडं तुडवली आणि भट्टी लावली. मोसमाची पहिली हुर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, उतरली की तिची घागर आधी माथ्यावर जायची. आधी पाषाण, मग जमलेल्या सगळ्यांच्या ओंजळीत घोटभर प्रसाद, सगळ्यात शेवटी सगुणमामा. त्याआधी तो जिभेचं टोकसुद्धा लावायचा नाही. फेस बघून आणि वास घेऊन तो सांगायचा की माल कसा आहे. पाच वर्षांचा होतो तेव्हा मीही त्या ओंजळी करणाऱ्यांत उभा राहिलो होतो. प्रसादाला वय नसतं. पुढे दरवर्षी त्याच्या भट्टीच्या परवान्याचा अर्ज मी भरून द्यायचो, कारण त्याला सरकारी इंग्रजी बघून घाम फुटायचा. डोंगर शेटकडे गेला आणि मामाची भट्टी बंद झाली.

तर आता शेटने मला सांगितलं की सगुणला तू पटव. तुझा शब्द तो खाली पडू देणार नाही. कौल उजवा पडला की दगड खाली आणि तू शातोमध्ये.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी मी होतो का गाढव, ते शेवटी कळेलच. मी मामाकडे गेलो. तासभर रस्ता, विमानतळ, गावातल्या पोरांना काम असं कायबाय बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “डोंगर त्याचो. त्याकाच इचारूया. तो हय म्हणात तर मी उचलीन. पण आता डोंगरात वायन करतत, मगे पयलो वाटो वायनेचो. कोणी तोंड लावूक नाय अशी.”

मी म्हटलं, मामा, बंद बाटली. मी स्वतः आणीन. त्याला एवढं पुरलं. रविवार ठरला.

आता मधले आठ दिवस मला वाइन शिकायची होती. शिकवायला जाणाऱ्याने निदान एकदा तरी चाखलेली असावी, एवढी लाज मला त्या वेळी होती. मी डिचोलीच्या बाजारातून सगळ्यांत स्वस्त अशा तीन बाटल्या आणल्या. दुकानदाराने त्या वर्तमानपत्रात गुंडाळताना विचारलं की घरी कुणी बाळंतीण आहे का. आमच्याकडे गोड वाइन दोनच कारणांसाठी नेतात, बाळंतिणीला शक्ती यायला किंवा केकमध्ये घालायला. मी म्हटलं, अभ्यासाला नेतोय. त्याने सुटे पैसे दोनदा मोजून दिले.

घरी वाइनचे पेले नव्हते. सुलोचनाने, म्हणजे माझ्या बायकोने, सरबताचे पेले काढून दिले. शेटने दिलेला छापील कागद मी समोर धरला. त्यावर काय काय वास येऊ शकतात त्याची यादी होती: ओली माती, कातडं, तंबाखू, जुनं लाकूड. मी हुंगलं. मला वाइनचा वास आला. परत हुंगलं. परत वाइनचाच आला. सुलोचना म्हणाली, ओल्या मातीचा आणि जुन्या लाकडाचा वास तुम्हाला फुकट हवा तर आपल्या न्हाणीत जाऊन उभे राहा. मग तिने स्वतः एक घोट घेतला आणि म्हणाली की पहिल्या बाळंतपणात सासूबाई तिला रोज चमचाभर द्यायच्या तीच ही, फक्त तेव्हा त्यात जिऱ्याची पूड असायची. मी तिला थुंकायला सांगितलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीसुद्धा गिळली.

तिसऱ्या दिवशी माझी जीभ सुटली. दुसरी बाटली ही पहिलीपेक्षा कमी गोड आणि तिसरी तोंड कोरडं करणारी, एवढं मला खरोखर कळू लागलं. आणि एवढं पुरतं, मी सांगतो. बाकी सगळं कागदावरचं. वासरात लंगडी गाय शहाणी. आपल्यापेक्षा कमी जाणणारी चार माणसं समोर असली की माणूस जाणकार होतो.

रविवारी आम्ही स्कूटरवरून पेडण्याला गेलो. सुलोचना बरोबर आली, कारण तिच्या मते मी जाताना सरळ जाईन, येण्याची खात्री नव्हती. शातोत त्या दिवशी पुण्याहून आठ पाहुणे आले होते, चार जोडपी. सगळी माझ्याच वर्गातली, म्हणजे पहिलीतली. पण त्यांच्याकडे उन्हाचे चष्मे होते.

चाखण्याच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पेले, बिस्किटं, चीजचे तुकडे, खारे काजू. आणि टेबलाच्या मधोमध लखलखीत घासलेली तांब्याची कळशी. कुणाच्या तरी घरातून भंगारात गेलेली शेटने आणली होती. मला वाटलं पाण्याची. शेटने पहिला पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला, गाल फुगवले आणि त्या कळशीत पिचकारी मारली. सुलोचना माझ्या कानाशी म्हणाली, “कळशीत?” एवढा एकच शब्द. ज्या भांड्याला आम्ही विहिरीवर पाय धुतल्याशिवाय हात लावत नाही, त्यात हा माणूस थुंकत होता आणि पुण्याच्या बाया टाळ्या वाजवत होत्या.

मग सगळे थुंकले. मीही थुंकलो, का नाही थुंकणार, नोकरीचा प्रश्न होता. सात प्रकार झाले. काजूची, कोकमाची, जांभळाची, मग नाशिककर. थुंकून झाल्यावर पेल्यात उरलेलीही कळशीत. एका गृहस्थाला चीजचा ठसका लागला, तोही कळशीत गेला. माझी पाळी आली तेव्हा मी जांभळाच्या वाइनबद्दल दहा मिनिटं बोललो. शेवाळलेली पायरी, पावसात भिजलेलं घोंगडं, जे सुचेल ते. एका बाईने ते वहीत उतरवून घेतलं. शेटने लांबून अंगठा दाखवला. आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं लिहून घेत होतं.

सुलोचना थुंकली नाही. अन्न टाकणं तिला जमत नाही. सातही प्रकार तिने शिस्तीत गिळले आणि बाहेर फणसाखालच्या बाकावर जाऊन पदर तोंडावर घेऊन झोपली. ती जागी असती तर पुढचं झालं नसतं. म्हणजे दोष तिचा, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं.

साडेअकराला मामा आला. खांद्यावर धुतलेला पंचा, अंगात स्वच्छ सदरा, हातात फुलांची परडी. बरोबर त्याची सून यशोदा. बाबली आणि त्याचे चार मजूर चपला काढून पाषाणाशी उभे राहिले. पुणेकरांना शेटने सांगितलं की आता तुम्हाला अस्सल परंपरा बघायला मिळणार, आणि आठही मोबाइल खिशातून निघाले.

मी बाटली घ्यायला आत गेलो. शेट पाठोपाठ आला. मी कोकमाची नवी बाटली उचलली, त्याने ती माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवली. म्हणाला की पुणेकर जाताना पेटी नेणार आहेत, माल मोजून ठेवलाय. आणि कळशीकडे बोट केलं. दोन तांबे भरतील एवढी वाइन त्यात आहे, सातही प्रकारची, ती ओतून द्यायचीच आहे ना, मग मोरीत कशाला? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याला वाटलं मला कळलं नाही. तेव्हा त्याने आवाज खाली आणून समजावलं. “दगडाला जीभ असते का रे? उद्या सकाळी नऊला कामावर ये.”

बस, एवढंच म्हणाला. धमकी नाही, काही नाही.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण ते कुणी दुसऱ्याने केलं नाही. मी चहाची गाळणी शोधली. कळशी वाकवली आणि बिस्किटांचा चुरा, चीजचे कण गाळून घेत तांब्या भरला. एक थेंब सांडला नाही. हजेरीच्या वहीत सव्वीस वर्षं खाडाखोड केली नाही तो हात. तांब्यावर मी एक स्वच्छ रुमालही झाकला, बंद बाटली फोडून ओतली असं दिसावं म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे माझं स्वतःचं.

मामाने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, विचारायचं कशाला, शब्द दिला होता ना. पाषाण धुतला, त्यावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि गाऱ्हाणं घातलं. बा धन्या, डोंगराच्या राजा, हा नवा माणूस तुझ्या डोंगरात आलाय, त्याच्या हातून जे गाळलं गेलं त्याचा पहिला घोट तुझ्या पायाशी ठेवतोय, कुणी उष्टावलेला नाही, गोड मानून घे आणि तुला ही जागा सोडायची असेल तर उजवा कौल दे. प्रत्येक वाक्यामागे बाबली आणि मजूर ‘होय महाराजा’ म्हणत होते. ‘उष्टावलेला नाही’ यालाही म्हणाले. माझ्या तोंडून ‘होय महाराजा’ निघालं नाही. एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा, आणि तोही घसा सुकल्यामुळे.

वाइन पाषाणावर पडली. आम्ही बघत उभे राहिलो. पाच मिनिटांत उजवी पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली.

शेटने माझा खांदा दाबला. मला नोकरी लागली होती. आणि त्याच वेळी मामा तांब्या घेऊन वळला. पुढचं मी विसरून गेलो होतो. लहानपणापासून शंभर वेळा बघितलेलं, आणि गाळणी हातात घेताना ते डोक्यात आलंच नाही. वाटा पाषाणाचा झाला की उरलेला प्रसाद सगळ्यांचा. नाही म्हणायची सोय नाही.

पहिला मान डोंगराच्या मालकाचा. शेटचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने पित्ताचं काहीतरी कारण काढायला सुरुवात केली, पण समोर आठ मोबाइल रोखलेले. त्याने ओंजळ केली, डोळे मिटले आणि गिळली. त्या वेळी मात्र नाशिकचं काही आठवलं नाही. मग पुणेकर. ते स्वतःहून हात पुढे करून रांगेत आले. आपलीच थुंकी आपल्याच ओंजळीत भक्तिभावाने घेऊन त्यांनी ती प्यायली, आणि ज्या बाईने माझं वहीत उतरवलं होतं ती म्हणाली की आज चाखलेल्या सगळ्यांत ही उत्तम, हिच्यात काहीतरी खोली आहे, ही कुठली? शेट म्हणाला, ही विकायची नाही.

मग मी. मामाने माझ्या ओंजळीत जरा जास्तच ओतली, घरचा म्हणून. मी प्यालो. चव विचारू नका.

मजूर झाले, यशोदा झाली. शेवटी मामाने स्वतःच्या तळहातावर घोट घेतला आणि तोंडात टाकला. तो गिळला नाही. जिभेवर धरून उभा राहिला. चार पिढ्या गाळणाऱ्यांची जीभ ती. भांड्यात कुणी बोट बुडवलं तरी तिला कळत असे. शेटने कोर्समध्ये पैसे भरून जे शिकायचा प्रयत्न केला ते हा म्हातारा उन्हात उभा राहून करत होता. मग तो बाजूला जाऊन गवतात थुंकला. प्रसाद थुंकताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

“ह्यात माणसांची तोंडां आसत,” मामा म्हणाला.

तो माझ्यासमोर आला. “कृष्णनाथबाब, तांब्यो तू हाडलंस. सांग माका, ही खंयची?”

आता बोलायची वेळ होती. खोटं नाही सांगत, खरं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाजूला शेट उभा होता आणि मला उद्याचे नऊ दिसत होते. मी म्हणालो, “मामा, हा नवीन प्रकार आहे. सात वाइन एकत्र करून केलेला.”

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं हलकट होतं. मामा माझ्याकडे बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर मी तोंड तरी फिरवलं असतं. तो एखाद्या अनोळखी माणसाला ओळखायचा प्रयत्न करावा तसा बघत होता. मग बाबलीला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “कौल उजवो पडलो. कशाक तां आता कळलां. तो जातंय म्हणता. उष्टां घालतत थंय कोण रवतलो?”

त्याने खांद्यावरचा पंचा पसरला, पाषाणाभोवतीची माती हातांनी उकरली आणि पाषाण उचलला. पंचाहत्तरीचा माणूस. यशोदा हात लावायला पुढे झाली, त्याने तिला नको म्हटलं. पाषाण पंच्यात घेऊन त्याने छातीशी धरला आणि विहिरीच्या बाजूला नाही, शेटने खुणा करून ठेवलेल्या चौथऱ्याकडे नाही, सरळ पायवाटेने डोंगर उतरू लागला. शेट मागून ओरडला की इतक्या लांब न्यायचं ठरलं नव्हतं. मामाने मागे वळून बघितलं नाही. पुणेकर ते चित्रण करत होते. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग.

दुसऱ्या दिवशी नऊला मी हजर झालो. बाबली आणि त्याचे मजूर नव्हते. राखणदार नसलेल्या डोंगरात ते काम करत नाहीत, असा निरोप ठेवून गेले. शेटने कुठूनतरी लांबचे मजूर आणले. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना कशाची भीतीही नव्हती. सपाट जागेवर डांबर पडलं. बसगाड्या आता झकास वळतात.

पण तो व्हिडिओ पुणेकरांनी सगळीकडे पाठवला होता आणि येणारा प्रत्येक जण पाषाण कुठे म्हणून विचारू लागला. शेट मला म्हणाला, आण एक. मी आमच्या मुळगावच्या खाणीच्या ढिगाऱ्यावरून एक बरा दगड निवडला आणि स्कूटरवर पायांत ठेवून घेऊन आलो. त्याला तेल लावलं, फुलं वाहिली. आता मी रोज पाहुण्यांना सांगतो की हा चारशे वर्षांपूर्वीचा. ते त्याच्यावर वाइनचे थेंब शिंपडतात आणि फोटो काढतात. आजवर कुणी शंका घेतली नाही. पगार वेळेवर होतो.

सुलोचनाला मी सगळं त्याच रात्री सांगितलं होतं. तिने फक्त विचारलं की गाळणी कुणी धरली होती. मी म्हटलं, मी. त्यानंतर तिने घरातली गाळणी फेकून नवी आणली आणि विषय काढला नाही. मात्र एप्रिल आला तशी म्हणाली की मामाकडे जाऊ या. यंदा त्याने परसात लहानशी भट्टी लावली आहे असं तिला यशोदाकडून कळलं होतं, घरच्या वीस-पंचवीस झाडांपुरती. परवान्याचा अर्ज यंदा मी भरला नव्हता. त्याने मला बोलावलं नव्हतं.

मी जाताना एक बंद बाटली घेतली. शातोची नाही, डिचोलीच्या दुकानातली, माझ्या पैशांची, बऱ्यापैकी महाग. अंगणात पोचलो तर कोकमीच्या झाडाखाली पाषाण बसवलेला, त्याच्यासमोर दिवा, आणि पहिल्या हुर्राकीची घागर. वाड्यावरची पंधरा-वीस माणसं जमली होती. बाबलीसुद्धा होता. मामाने आम्हाला बघितलं आणि खुर्ची आणायला सांगितली. एकच आणली आणि तिच्यात मला बसवलं. बाकी सगळे जमिनीवर. बाटली त्याने हातात घेतली, बरी आसा म्हणाला आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवली. सगळं अगदी गोड बोलून. मला वाटलं, मिटलं. म्हातारी माणसं विसरतात.

गाऱ्हाणं झालं. या वेळी माझ्या तोंडून ‘होय महाराजा’ निघालं, मोठ्याने. पाषाणाला वाटा मिळाला आणि मामा घागर घेऊन फिरू लागला. सगळ्यांनी ओंजळी पुढे केल्या. सुलोचनाने केली, तिच्यात त्याने ओतली. ती प्याली आणि ओला हात तिने केसांवरून फिरवला. मी खुर्चीतून उठून ओंजळ पुढे धरली.

मामा थांबला. माझ्या ओंजळीकडे बघितलं. मग आत वळून म्हणाला, “यशोदे, सायबांक गिलास हाड.”

यशोदाने ताटलीत ग्लास आणला. काठोकाठ भरलेला, बाजूला लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. त्या अंगणात ग्लास गिऱ्हाइकाला देतात. बाजारातून कुणी हुर्राक विकत घ्यायला आला तर त्याला, फोंड्याहून गाडी घेऊन येणाऱ्या दलालाला. “घेवा,” मामा अहोजाहो करत म्हणाला, माझ्याशी, ज्याला त्याने पन्नास वर्षं ‘अरे’ म्हटलं होतं.

माझे हात अजून तसेच पुढे होते. मी ते सोडवले आणि ग्लास घेतला. हुर्राक उत्तम होती, एवढी चांगली मी आयुष्यात प्यालो नव्हतो. यशोदा रिकामा ग्लास न्यायला बाजूला उभी होती, म्हणून मी ती पटापट संपवली.